डाव्या डोळ्याचा तक्ता

दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या सोसायटीच्या मागच्या मार्केटमध्ये डोळ्यांचा एक छोटा दवाखाना आहे. खाली चष्म्याचं दुकान, वर डॉक्टरीणबाई. सात वर्षं मी त्याच्यासमोरून भाजीच्या पिशव्या घेऊन गेले आणि एकदाही त्याची पायरी चढले नाही. वाचायचे तयार चष्मे मिळतात ना, ते आणायचे, दांडी तुटली की दुसरा. डोळ्यांच्या डॉक्टरची मला भीती वाटते. भीती म्हणजे अक्षरशः हातपाय गार पडतात. माझे वडील आयुष्याची शेवटची अकरा वर्षं पूर्ण आंधळे होते, आणि त्यात माझा हात होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

गेल्या हिवाळ्यात लेकीनंच मला तिथं ओढत नेलं. ती मानेसरला नोकरी करते, पहाटे कंपनीची बस पकडते, शनिवारी घरी असते. त्या शनिवारी मी चहा ओतताना कपाच्या डावीकडे ओतला. दुसऱ्यांदा. "आई, बस हं आता," ती म्हणाली, "चलो, डोळे दाखवून येऊ." मी म्हटलं, अगं लक्ष नव्हतं माझं. ती म्हणाली, "काल पण लक्ष नव्हतं, परवा दरवाज्याला धडकलीस तेव्हा पण नव्हतं. यार, किती लक्ष नसतं तुझं!" आता या पोरीशी कोण वाद घालणार? निघाले मुकाट्यानं.

वर गेल्यावर एक फॉर्म दिला. मधुमेह, बी.पी., आणि खाली एक प्रश्न: कुटुंबात कुणाला काचबिंदू? मी 'नाही'वर खूण केली. नेहमी तेच करते. लेकीला काचबिंदू हा शब्दही ठाऊक नव्हता. "मोतीबिंदूसारखं काही आहे का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी. तसंच नाहीये ते. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस मरत जाते, दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. माझ्या वडिलांना तो होता.

तपासणाऱ्या मुलीनं मला खुर्चीवर बसवलं, खोलीत अंधार केला आणि समोर तक्ता उजळला. उजव्या डोळ्यानं मी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत गेले. मग तिनं उजवा झाकला. "अब लेफ्ट से पढ़िए, आंटी."

समोर राखाडी धूर होता. तक्ता कुठं सुरू होतो तेही दिसेना. आणि तेवढ्यात माझं तोंड बोलायला लागलं. ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी. अडखळलेसुद्धा नाही. खोटं बोलायचं म्हणून बोलले असंही नाही, आतून कुणीतरी चावी दिल्यासारखं ते बाहेर पडत गेलं. तीन ओळी, चार ओळी. मुलगी खूश. "बहुत बढ़िया!" म्हणाली आणि कागदावर लिहूनही टाकलं. हे भिंग घालून साफ दिसतं की ते, असं तिनं विचारलं, तर मी अंदाजानं "ये वाली" म्हणत राहिले. माझ्या पाठीतून घाम उतरत होता, भर थंडीत.

तो तक्ता मी बारा वर्षांची असताना पाठ केला होता. वडिलांना पाठ करून देण्यासाठी.

वडील सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते. नागपूरकडचे आम्ही. दिल्लीत नोकरी लागली, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, दर रविवारी बुद्धवंदना, आणि घरात एकच ध्यास: पोरीनं शिकायचं. वडील मराठी सातवी, इंग्रजी अक्षरं कशीबशी. ड्रायव्हर लोकांची दरवर्षी डोळे-तपासणी व्हायची. तक्ता वर्षानुवर्षं भिंतीवर तोच. एका वर्षी तपासणीच्या आठवडाभर आधी ते मला म्हणाले, "बाई, डाव्यानं जरा कमीच दिसून राह्यलं. अक्षरं इंग्रजी, त्याच्यानं गडबड होते माही. तू चाल माह्यासंग." शाळेला दांडी मारून मी गेले, दवाखान्यातल्या बाकावर बसले आणि वहीच्या मागच्या पानावर तक्ता उतरवून घेतला. मग सात दिवस शिकवणी. मी लाटणं घेऊन दाराला टेकून उभी, ते समोर पाटावर मांडी घालून. चुकले की मी म्हणायची, "पुन्हा!" आई भाकऱ्या थापता थापता हसायची. वडील माझ्या मास्तरकीवर इतके खूश होते की काय सांगू! लेक बापाला इंग्रजी शिकवते, याचं आमच्या घरात केवढं कौतुक. आई-वडिलांच्या मनातसुद्धा आलं नाही की आपण काही लपवतोय. त्यांना ते शिक्षणच वाटत होतं.

तपासणीच्या दिवशी मी पुन्हा बाकावर होते. त्यांनी उजवा डोळा झाकला आणि ताठ बसून, शाळेत कविता म्हणावी तसा, तक्ता म्हणून दाखवला. तपासणाऱ्यानं वर न बघता शिक्का मारला. बाहेर आल्यावर मला ब्रेड पकोडा मिळाला. पुढं चार वर्षं असंच.

गाडीच्या डाव्या अंगाला ओरखडे वाढत गेले. शेवटी एका दुपारी कस्तुरबा गांधी मार्गावर त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागच्या साहेबांना सांगितलं, "साहेब, रस्ता दिसत नाही." डावा डोळा तर कधीचाच गेलेला, आता उजवाही बराचसा गेला होता. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, डाव्याचं चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर उजवा वाचला असता. हे वाक्य मी ऐकलं. सोळा वर्षांची होते. आई रडत होती, तिला ते नीट समजलं नसावं. वडिलांना समजलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. उलट आंधळे झाल्यावरही, घरी कुणी आलं की खाटेवर बसून सांगायचे, "माह्या लेकीनं मले इंग्रजी शिकवलं. सारा तक्ता पाठ करून घेतला पोट्टीनं!" आणि म्हणून दाखवायचे. ई, एफ, पी. पाहुणे हसायचे. मी चहा घेऊन उभी असायचे, ट्रे हातात, आणि पळून जावंसं वाटायचं. ते जाऊन एकवीस वर्षं झाली. तो आवाज गेला नाही. रस्त्यावर दुकानाची इंग्रजी पाटी दिसली की तो सुरू होतो, ऑफिसात फाइल उघडली की सुरू होतो. तो तक्ता आजही माझ्या आवाजात कधी येतच नाही, त्यांच्याच येतो.

असो. तपासणी झाली, डॉक्टरीणबाईंकडे आत जायला अजून दोन पेशंट होते, म्हणून लेक मला खाली दुकानात घेऊन गेली. "तोपर्यंत फ्रेम बघून ठेवू." तिनं माझ्या नाकावर एकेक फ्रेम चढवायला सुरुवात केली. ही प्रिन्सिपल वाटतेस, ही आजी वाटतेस, ही लाल बिल्कुल नको. दुकानदार भला माणूस, म्हणाला, मॅडम, चेहरा रुंद आहे, जाड काळी घेऊन बघा. घातली. आरशात बघितलं.

वडील होते. अगदी तेच. तेच कपाळ, डाव्या भुवईची तीच किंचित खाली आलेली ठेवण, आणि काचेमागचा तो डोळा, जो बघतो असं वाटतं पण कुठंच बघत नाही. मी उजवा डोळा मिटून पाहिला. आरसाच नाहीसा झाला. तेव्हा मला पहिल्यांदा पुरतं कळलं की माझा डावा डोळा गेलाय. आणि वरच्या मजल्यावर, कागदावर, तो ठणठणीत असल्याचं मीच लिहून घेतलंय.

"आई? आवडली का ही?"

"काढ ती! काढ म्हणते ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की दुकानदारानं हातातलं फडकं खाली ठेवलं. लेकीचा चेहरा उतरला. पण मला थांबायला वेळ नव्हता. मी जिना चढले, कठड्याला धरून, आणि दोन्ही पेशंटना ओलांडून सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुसले.

"मैंने झूठ पढ़ा है," मी म्हटलं. "लेफ्टनं मला काहीसुद्धा दिसत नाही. तक्ता पाठ आहे मला. फॉर्मवर पण खोटं लिहिलंय. माझ्या वडिलांना काचबिंदू होता." हिंदी, मराठी, सगळं एकत्र झालं होतं. बाई पंजाबी असाव्यात, पण त्यांना समजलं. चिडल्या नाहीत. आतल्या पेशंटला म्हणाल्या, पाँच मिनट, प्लीज. मला स्वतः उठून खुर्ची दिली.

मग तीन तास माझी तपासणी चालली. दाब मोजला, थेंब घालून बाहुली मोठी केली, आतली नस बघितली. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालून बसवलं आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. डाव्या डोळ्याच्या वेळी मी बराच वेळ बटण हातात धरून नुसती बसले होते. त्या मुलीनं हळूच विचारलं, "आंटी, ठीक हैं ना?" ठिपके येत होते म्हणे. मला एकही दिसला नाही. पण मी एकदाही खोटं दाबलं नाही.

शेवटी बाईंनी कागदावर दोन डोळे काढून मला समजावलं. डावा गेला तो गेला. उजव्यात सुरुवात आहे, पण थोडीच. थेंब रोज, न चुकता, आयुष्यभर. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. "आपने बता दिया, इसलिए राइट बच जाएगा," त्या म्हणाल्या. चांगलीच बातमी होती ती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढंच करायचं होतं तर. कुणीतरी एक वाक्य बोलायचं होतं.

काचबिंदू घराण्यात उतरतो, म्हणून त्यांनी लेकीलाही लगेच खुर्चीवर बसवलं. दाब ठीक निघाला, नस ठीक निघाली. तक्ता वाचताना ती चौथ्या ओळीवर थांबली आणि अगदी सहज म्हणाली, "इसके आगे नहीं दिख रहा." तपासणारी मुलगी म्हणाली, कोई बात नहीं, आणि भिंग बदललं. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि तोंडाला पदर लावून रडले.

लेक मागोमाग आली. "आई, अगं फक्त चष्मा लागेल मला. एवढं काय रडतेस?"

तिथंच जिन्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं. वही, लाटणं, शिक्का, साहेबांची गाडी. ती माझा हात धरून म्हणाली, "पण आई, तू बारा वर्षांची होतीस. आजोबांना दिसत नाहीये, हे तुला कसं कळणार होतं?"

"कळलं होतं," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी. मी अंगठ्यानं त्यांचा उजवा डोळा झाकला आणि वही समोर धरली, तर ते माझ्या आवाजाकडे तोंड करून हसत होते. वही उलटी धरली होती मी, आणि त्यांना ते दिसलंच नाही."