गाडी येऊन राहिली

मला गाडी लागते. एस.टी. असो, काळी-पिवळी जीप असो, नाहीतर लग्नासाठी केलेली एसीची गाडी असो, लातूर सुटलं की माझं तोंड कडू होतं आणि चाकूर यायच्या आत पिशवी उघडावी लागते. लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. सांगणाऱ्यांची हौस फिटली, माझ्या पोटानं कुणाचंच ऐकलं नाही. लोक हसतात. हसू देत, ज्याला लागत नाही त्याला यातलं काही कळणार नाही.

हे दुखणं माझ्या मायकडून आलं, आणि ती माझ्याहून वरचढ. ती राहते उमरीला, नांदेडच्या पुढं. मला दिलं लातूरला. मी वर्षातून एकदा-दोनदा माहेरी जायची, पोचल्यावर आडवी पडायची, उठून दोन घास खाल्ले की परतीची भीती सुरू व्हायची. पण मी निदान जायची. मायला ते झेपत नव्हतं. माझ्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी तिनं माझं घर पाहिलेलं नव्हतं. मी माझ्या हिमतीवर मॅचिंग सेंटर टाकलं, अस्तर, फॉल, लेस, दोरे, भिंतभर ब्लाऊजपीस. तेही तिनं फोटोतच पाहिलं. माझ्या लेकीच्या लग्नाला ती निघाली होती. भावानं जीप केली, पण लोह्यापर्यंत तिची अशी अवस्था झाली की तिला परत नांदेडला नेऊन सलाईन लावावं लागलं. मांडवात सासरकडच्या एक जाऊबाई म्हणाल्या, "नातीच्या लग्नाला येत न्हाई म्हणजे मायाच पातळ." मी लेकीची आई, अंगावर शालू, तरी त्यांना तिथल्या तिथं सुनावलं. नंतर मला वाईट वाटलं म्हणाल तर नाही वाटलं.

मग एकदा नांदेडला मायचे डोळे दाखवायचे होते. उमरी ते नांदेड रेल्वेचा तासाभराचा प्रवास, तेवढा ती कसाबसा करते. मी लातूरहून आले ते नेहमीसारखी पिळून निघालेली. स्टेशनवरून दवाखान्यात जायला भावानं बॅटरीवरची रिक्षा केली. माय सवयीनं नाकाला पदर लावून बसली. थोड्या वेळानं तिनं पदर खाली घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "हिच्यात धूर न्हाई का गं?"

"न्हाई माय. बॅटरीवर हाय."

"वास बी न्हाई." ती दुकानांच्या पाट्या बघत बसली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला गाडीत बसून बाहेर बघताना पाहिलं. मग म्हणाली, "अशी मोटार न्हाई का मिळत? तू आन. मी येते तुझ्या घरी."

येते म्हणाली. तीस वर्षांत हा शब्द तिनं आपणहून कधी काढला नव्हता. रेल्वेनं का नाही आणलं असं विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा नकाशा बघावा. नांदेडहून लातूरची रेल्वे परभणी, परळी असा वळसा घालते. उमरीतून निघून ती बदली, ते जिने, तो वळसा मायच्या गुडघ्यांनी सोसला नसता.

तेव्हापासून मी विजेच्या मोटारीच्या मागं लागले. बाजारात काही होत्या, नव्हत्या असं नाही. पण त्या एक तर माझ्या आवाक्याबाहेरच्या, नाहीतर इतक्या उंच की मायला स्टूल लावून चढवावं लागलं असतं. मग फोनवर एक दिसली. लहान, बुटकी, दार चांगलं रुंद उघडणारी. मी म्हटलं, हीच. पण ती परदेशात निघाली होती. तिकडची माणसं ती चालवून जुनी करून राहिली होती आणि आपल्या देशात तिचा पत्ता नव्हता. तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला. आपल्यासाठी उजव्या बाजूची वेगळी बनवावी लागते म्हणे. बनवा की मग, कुणी हात धरलाय?

दसऱ्याला येणार म्हणाले. दसरा गेला. मग दिवाळी, मग गुढीपाडवा. बातमीत दर वेळी 'लवकरच'. मी कंपनीच्या नंबरवर फोन लावायचे. एकदा एका मुलीला, गाडी येतेय का एवढंच, मी आमच्याकडच्या पद्धतीनं विचारलं, "काय गं, गाडी येऊन राहिली का?" ती शुद्ध भाषेत म्हणाली, "नाही मॅडम, आली असती तर राहिली असती. अजून आलीच नाहीये." मी हसले, आणि फोन ठेवल्यावर चिडले.

घरात तर रोज टोमणे. आमचे हे म्हणायचे, "पेट्रोलची घेऊ, उद्या दारात उभी राहील." मी म्हणायचे, तिच्यात माय बसणार नाही. हे म्हणायचे, मायसाठी काय विमान आणणारेस का. दीर डाळीचे व्यापारी, त्यांचं वेगळंच. "वहिनी, लाईट कुठं असते आपल्याकडं? अर्ध्या वाटेत बसाल मोटार ढकलत." मी म्हटलं, "लाईट नसते तर तुमची डाळ मिल काय फुंकर मारून चालते का भाऊजी?" त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर तरी विषय काढला नाही. माझ्या माघारी काढत असतील, काढू देत. पैसा माझा, दुकान माझं, वाट बघणारीही मीच. यांच्या घरचं काय जात होतं?

दुकानात येणाऱ्या बायकांनाही चेष्टेला बरं सापडलं. अस्तराचा रंग जुळवता जुळवता विचारायच्या, "काकू, आली का मोटार?" मी म्हणायचे, येऊन राहिली. मायसुद्धा फोनवर पहिलं तेच विचारायची. "आली का गं?"

"येऊन राहिली माय."

"लवकर ये म्हनावं तिला. मी काय लई दिवस बसून राहणार हाय का?"

ती हे हसत म्हणायची. पण त्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि तिचा आवाज बारीक झाला तो झालाच. भाऊ म्हणायचा, आक्का, काळजी करण्यासारखं काही नाही. मला मात्र धडकी भरली. गाडी येईल आणि माय नसेल, हे डोक्यातून जाईना. दुकानात गिऱ्हाईक समोर असताना मी कात्री हातात धरून नुसती उभी राहायचे. ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही, त्या कंपनीतल्या माणसांचा मला इतका राग यायचा की काय सांगू. तुम्ही तिकडं बैठका घेता, तारखा पुढं ढकलता, आणि इकडं एक म्हातारी रोज विचारते, आली का.

अखेर ती आली. म्हणजे दिल्लीत आली. मी दुकानातच फोन उभा करून कार्यक्रम पाहिला, चार बायका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. गंमत बघा, बिनधुराची गाडी दाखवायची म्हणून त्यांनी स्टेजवर एवढा धूर सोडला की गाडी दिसेना. लातूरला दाखवायची गाडी यायला त्यानंतरही काही महिने गेले. शोरूमवाल्यांचा फोन आला त्या दिवशी मी दुकान अर्ध्यावर बंद केलं आणि यांना घेऊन गेले.

शोरूममधला माणूस चाळिशीचा, सोशिक. मी त्याला आधीच सांगितलं, "हे बघा, मला गाडी लागते."

"लागणारच मॅडम. आजकाल सगळ्यांनाच लागते. गाडीशिवाय भागत नाही."

यांनी तोंड फिरवून हसून घेतलं. मी मागच्या सीटवर बसले, जिथं मायला बसवायचा माझा विचार होता. धूर नव्हता, आवाज नव्हता. मी मनात म्हटलं, माय, झालं आपलं काम. पण नव्या प्लास्टिकचा वास होता. आणि चालवणाऱ्या त्या माणसानं पॅडलवरचा पाय नुसता उचलला की गाडी आपोआप ब्रेक मारल्यासारखी अशी धरून घेत होती की पोट पुढं आणि मी मागं. बार्शी रोडवर पोचेपर्यंत मी दाराला टकटक करत होते. उतरले आणि रस्त्याच्या कडेला सगळं बाहेर आलं. एस.टी.त होतं तेवढंच, तसूभर कमी नाही.

हे म्हणाले, "झालं समाधान?"

मला रडू आलं. उलटीचं नाही, मायचं. काय सांगणार होते मी तिला? तो शोरूमचा माणूस पाण्याची बाटली घेऊन आला आणि बिचारा ओशाळून म्हणाला, "मॅडम, मलाही लागते. मागं बसलं की लगेच. चालवताना तेवढी नाही लागत."

मी चूळ भरली आणि त्याच्याकडं बघत राहिले. आयुष्यभर मला सगळ्यांनी लिंबू दिलं, पिशवी दिली, खिडकी दिली. स्टेअरिंग कुणी दिलं नाही. मी यांना म्हटलं, "नाही झालं समाधान. गाडी घ्यायची." आणि ओल्या तोंडानंच परत जाऊन नाव नोंदवलं.

मग ड्रायव्हिंग क्लास. क्लासची गाडी पेट्रोलची, क्लचची, जुनी, आतून वास मारणारी. मी भर चौकात ती बंद पाडली. मागून हॉर्नवर हॉर्न. एकानं खिडकीतून विचारलं, "मावशी, या वयात कशाला?" मी म्हटलं, "तुझ्या वयात कुणी शिकवली न्हाई म्हणून." शिकवणाऱ्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. पण त्या वासात, त्या झटक्यांत मला एकदाही मळमळलं नाही. परवाना मिळाला तो मी दुकानात काउंटरमागं लावला, देवाच्या फोटोशेजारी. माझ्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळं नंतर तर सोपंच गेलं.

मायला मात्र खरं सांगणं भाग होतं. फोन केला. "माय, गाडी आली. पण हिच्यात बी लागतं. चालवणाराला लागत न्हाई तेवढं."

माय म्हणाली, "मग मला कोन शिकवनार?" आणि खोकत खोकत हसली. तीच पुढं म्हणाली, "तू ये तर खरं. वकले तर वकले. आता घाबरून काय वाचवायचं राहिलंय?"

निघताना हे म्हणाले, मी येतो सोबत. मी म्हटलं, "तीस वर्षं मी उलट्या करताना शेजारी बसलात, पुष्कळ झालं. आता दुकान बघा. लेस मीटरवर द्यायची, वितेनं नाही." एकटी गेले. अहमदपूर, लोहा, नांदेड, सगळी गावं मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून पाहिली. उमरीत उतरले ती ताठ. भावानं गाडीला चक्कर मारली, घरातून वायर ओढून चार्जिंगला लावली आणि म्हणाला, "आक्का, लाईट गेली तर?" मी म्हटलं, "तर मी जास्त दिवस राहीन. जेवायला घालशील ना?"

निघायच्या दिवशी शेजारच्या बायका जमल्या. या वयात कशाला, वाटेत काही झालं म्हणजे, असं त्यांचं चाललेलं. माय नवं लुगडं नेसून, कपाळाला विभूती लावून बाहेर आली. "माझ्या लेकीचं घर हाय," एवढंच म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली.

लातूरला आम्ही पोचलो ते दिवेलागणीला. वाटेत किती वेळा थांबलो ते मी मोजलं नाही. पहिल्यांदा थांबलो ते तेवढं सांगते. मुदखेडच्या अलीकडं तिचा चेहरा पांढरा पडला. मी गाडी कडेला झाडाखाली घेतली, फिरून तिच्या बाजूला गेले आणि तिचं कपाळ धरून उभी राहिले. सगळं झाल्यावर तिनं डोळे न उघडताच घाईघाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "झालं, झालं. चल बाई. डायव्हर खवळंल."

मी तिच्या कपाळावरचा हात काढला नाही.

"माय, डायव्हर मीच हाय."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, मग रिकाम्या सीटकडं. मी आत वाकून गाडी बंद केली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "तुला बरं वाटलं की दे. तवर गाडी हलत न्हाई."

तिनं किल्ली मुठीत धरली. सावकाश चूळ भरली, तोंड धुतलं, उतरून झाडाखाली पाय पसरून बसली. एक एस.टी. जोरात हॉर्न वाजवत गेली, तिनं मान वर केली नाही. पाणी प्याली. रंग परत आला, रानातल्या कापसाबद्दल बोलायला लागली. मी हात पुढं केला तर म्हणाली, "बस की जरा." आणि किल्ली काही लवकर दिली नाही.