लाल म्हणजे आखूड

पोरी, तुझ्याबद्दल लिहायला बसले आहे. 'तू' म्हणून लिहिलं तर ओळीओळीला टोकशील, म्हणून पुढे 'ती' म्हणणार, आणि स्वतःला आत्या. तक्रार असेल तर वाचून झाल्यावर कर.

तर ती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिला नसलेली माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. इस्पितळ, औषधं, सगळं झालं. आवाज थांबले, पण स्मरणशक्तीची गळती काही थांबली नाही. लहानपणीचं सगळं तोंडपाठ. आत्ता सांगितलेलं मात्र चाळणीत पाणी ओतावं तसं. घरात सल्ल्यांचा सुकाळ. "लक्षच देत नाहीस." "आळस, दुसरं काय!" आत्या एकदा कडाडली, "पाय मोडलेल्याला पळ म्हणता का? डॉक्टर सांगतायत ना, हा आजाराचाच भाग आहे म्हणून?" मग थोडे दिवस सल्ले बंद.

कपडे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात ती लागली. मालकीणबाईंनी बजावलं होतं, "लग्नांचा हंगाम संपेपर्यंत बघते. जमलं तर कायम." तिला ते काम हवंच होतं. आजारपणानंतर हाताला जमलेली ती पहिली गोष्ट. टीप सरळ यायची. पंचाईत व्हायची ती ऐकण्याची. गिऱ्हाईक म्हणे, "बाही आखूड करा, कंबर सैल," आणि मशीनपाशी पोहोचेपर्यंत पाटी कोरी. म्हणून माणूस बोलत असतानाच ती कपड्याला त्या जागी धागा ओवी. लाल म्हणजे आखूड, निळा म्हणजे सैल, पिवळा म्हणजे घट्ट; जितकी बोटं कमी-जास्त करायचं, तितक्या गाठी.

"लिहून का घेत नाहीस?" आत्याने विचारलं.

"चिठ्ठी लिहिली की चिठ्ठी कुठे ठेवली ते विसरते. कपडा कुठे जातोय?"

मालकीणबाईंना वाटे, पोरगी मोठी टापटिपीची. विसरते, हे तिने सांगितलंच नव्हतं.

एका दुपारी आई डबा घेऊन आली. लेक मागे हात धूत होती. खुंट्यांवरच्या कपड्यांना लोंबणारे धागे पाहून आईला कसंसंच झालं. लेकीचं काम कसं स्वच्छ दिसायला हवं! आईने कात्री घेतली, एकूण एक धागा कापला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि समाधानाने हात झटकले.

लेक बाहेर आली. खुंट्यांकडे बघतच राहिली.

"आई, माझं डोकं कुठे टाकलंस?"

आईला आधी कळेना. कळलं तेव्हा ती कचऱ्याच्या डब्यात हात घालून खालीच बसली. "हा लाल कुठला गं? कोटाचा की झग्याचा?" लेकीला हसू फुटलं आणि रडूही. तेवढ्यात मालकीणबाई दारात.

काहीतरी थाप मारता आली असती. नाही मारली. "बाई, मला सांगितलेलं राहत नाही. आजारी होते, तेव्हापासून. धागे गेले, आता यातलं एकही काम मला आठवत नाही."

"आणि हे आज सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

मालकीणबाईंनी फोन जवळ ओढला. "मी एकेका गिऱ्हाइकाला विचारते, तू ओवत जा. आणि तुझ्या आईला म्हणावं, कात्रीला हात लावायचा नाही."

"आणि हंगाम संपल्यावर?"

"आधी संपू तर दे!"

हंगाम संपला. कुणी विषय काढला नाही. ती अजून तिथेच आहे.

आता 'इथे सैल, तिथे घट्ट' म्हणणाऱ्या चिकित्सक गिऱ्हाइकांसाठी तिला जांभळा धागा हवा होता. तिने आणि आत्याने येत्या शनिवारी मोठ्या बाजारात जायचं ठरवलं. शनिवारी तिला आठवलं नाही. आत्यालाही नाही, आणि आत्याला काही आजारबिजार नाही, नुसतं वय. पुढच्या खेपेला आत्याने आठवणीसाठी स्वतःच्या बाहीला लाल धागा बांधला. दोघी भेटल्या आणि धागा कशाचा, यावर डोकं खाजवत बसल्या.

"लाल म्हणजे आखूड," ती म्हणाली, आणि आत्याची बाही दुमडून टाचायला लागली.

जांभळं रीळ अजून आणायचंच आहे.