काचेमागची गादी

माझ्या सासऱ्यांचं गाद्यांचं दुकान होतं. दुपारचं जेवण झालं की ते दर्शनी काचेमागच्या गादीवर खुशाल ताणून द्यायचे, आणि वर तोंड करून सांगायचे, "ही जाहिरात आहे." येणारे-जाणारे काचेवर टकटक करायचे. हे डोळे न उघडता हात हलवायचे. सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यात घरची गादी वीस वर्षांची, पार दगड झालेली. ती मात्र कायम "पुढच्या आठवड्यात" बदलायची असायची.

ते गेल्यापासून दुकान सासूबाई बघतात. परवा दुपारी मी डबा घेऊन गेले, तर काचेमागे त्याच आडव्या झालेल्या. मी काचेवर टकटक केली. सासूबाईंनी डोळे न उघडता हात हलवला.