डेस्कटॉपवरचं गाऱ्हाणं

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय त्या बाजूला वळला की चहा ठेवायला उठायचो. आता ज्याच्यासमोर विषय टाळावा असं घरात कुणी उरलेलं नाही.

डिलाईल रोडच्या घरात शेवटी आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी वहिनी. मी लग्न केलं नाही. ती नवरी होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, आणि माझा डबा तेव्हापासून तिनेच भरला. पुढे दादा गेला. पुतण्या परदेशात. घरातला लॅपटॉप त्यानेच जाताना घेऊन दिलेला.

आमच्याकडे गणपतीची आरती झाली की घरातला थोरला पुरुष देवापुढे उभा राहून मालवणीत गाऱ्हाणं घालतो. सगळ्यांचं बरं कर, लांबच्यांना सांभाळ, असं एकेक मागत जातो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. दादाचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारचेही दारात येऊन उभे राहायचे. त्याच्या शेवटच्या गणपतीला पुतण्याला दिसावं म्हणून आम्ही लॅपटॉप मखरासमोर ठेवला होता, आणि मी ते गाऱ्हाणं त्यावरच रेकॉर्ड केलं. फाइलला नावसुद्धा दिलं नाही. मशीनने दिलेले आकडे तसेच राहिले.

दादा गेल्यावर वहिनी दुपारी ते लावायची. स्वयंपाकघरात कोळंबी सोलत असायची, बाहेर दादा देवाकडे मागत असायचा, आणि ही आतून 'होय म्हाराजा' म्हणायची. मी पेपर तोंडापुढे धरून बसायचो.

त्या लॅपटॉपवर कंपनीनेच कायकाय भरून दिलं होतं. खेळ, खरेदीची दुकानं, आणि एक अँटीव्हायरस, ज्याची फुकटाची मुदत संपली होती. दादा ऐन रंगात आला की टिंग वाजून पडद्यावर लाल चौकट यायची, तुमचा संगणक धोक्यात आहे म्हणून. वहिनी ओल्या हातांनी बाहेर यायची.

"भावजी, ह्यो मेलो मधीच काय सांगता?"

मी त्या वस्तू काढून टाकायचो. पुढच्या अपडेटला त्यातल्या काही परत हजर. लॅपटॉप मुळात आला तसा करायची सोय होती, पण त्यात हा कचराही मुळापासून परत आला असता. शेवटी ठरवलं की डिस्कचा सिस्टिम असलेला भाग पुसायचा आणि पेन ड्राइव्हवरून कोरी सिस्टिम टाकायची. ऑफिसात कॉम्प्युटर बिघडला की मलाच हाक मारायचे, त्यामुळे हात शिवशिवत होतेच.

ऑफिसातली आमची एक पक्की रीत होती. डिस्कचे दोन भाग करायचे. सी मध्ये सिस्टिम, आपलं सगळं डी मध्ये. सी कधीही उडेल, डी ला काही होत नाही. घरच्या लॅपटॉपवरही मी तेच केलं होतं. गाऱ्हाणं डी मध्ये, फोल्डरातल्या फोल्डरात, नीट ठेवलं होतं. मात्र तिथवर जाताना वहिनी दरवेळी चुकायची. म्हणून पुतण्याने एकदा, मी घरी नसताना, फोनवर सांगून तिच्याकडून ते तिथून कट करून डेस्कटॉपवर आणवलं होतं. लॅपटॉप उघडला की दादा समोर. भिंतीवर फोटो असतो तसा. डेस्कटॉप सी मध्येच असतो, हे तिला कोण सांगणार?

वहिनी शीवला बहिणीकडे गेली, ती दुपार मी साधली. डी उघडून वरवर पाहिलं, फोल्डर जागेवर होते. डेस्कटॉपवर चिन्हांची गर्दी होती, त्यात एक नुसत्या आकड्यांची फाइल. ती मला दिसली होती. आज हेच लिहायचं आहे, की ती मला दिसली होती. हाही कचराच, असं म्हणून मी पुढे गेलो. सी पुसला.

नवी सिस्टिम चढली, पण आवाज येईना. वहिनीला ऐकायचं असतं म्हणून आवाजाचा ड्रायव्हर शोधून आधी तेच दुरुस्त केलं. मग लावून बघावं म्हणून डी मधला फोल्डर उघडला. रिकामा. मग ती आकड्यांची फाइल आठवली. डेस्कटॉपवर आलो, तर स्वच्छ निळ्या पडद्यावर एकटी कचऱ्याची टोपली.

दुसऱ्या दिवशी पुसलेलं परत मिळतं का पाहायला दादरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने बराच वेळ खटपट केली आणि नकारार्थी मान हलवली. तोवर वहिनीने घरी विचारलं होतं, आणि मी उत्तर देऊन बसलो होतो.

"वहिनी, तुझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं असेल."

ती वाद घालील असं वाटलं होतं. तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"माज्याच हातान गेलो मगे," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने लॅपटॉपला हात लावला नाही. शेजारणींना सांगायची, मुलाला फोनवर सांगायची, की यांचा आवाज होता, मीच घालवला. मी तिथेच बसलेलो असायचो.

थोरला म्हणून गाऱ्हाणं घालणं आता माझ्याकडे आलं. त्याच्या शेवटी ठरलेलं मागणं असतं, 'कळत नकळत काय चुकला माकला असात, ता पोटात घाल.' दरवर्षी वाटायचं, इथे थांबावं, तिच्याकडे वळावं, देवासमक्ष सांगून टाकावं. दरवर्षी मी तेच ठरलेलं वाक्य म्हणायचो आणि माझ्या मागून पहिला आवाज तिचा यायचा, 'होय म्हाराजा.' कशाला होय म्हणतेय, ते तिला ठाऊक नव्हतं.

गेल्या गणपतीला ती नव्हती. मी आरती एकट्यानेच केली. त्या वाक्याला आलो आणि सवयीने थांबलो. मागून कुणी काही म्हणालं नाही.

लॅपटॉप अजून छान चालतो. मधे काही वाजत नाही.

वहिनी, तुझ्या हातून काही गेलं नव्हतं. दादाचा आवाज मी पुसला, आणि नाव तुझं घेतलं. मला माफ कर.