पहिल्या सहा ओळी

मी शेताची कामं वहीत लिहून करते आणि काम झालं की पुढे बरोबरची खूण करते. मोर्शीजवळ आमची अर्धा एकर वांगी होती. पौषात गावच्या देवळात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत होते, तिच्या भाजीला वांगी सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याच शेतातून जातात. त्या हिशेबाने दिवस मोजून मी रोपं लावते.

त्या वर्षी पंगतीला बारा दिवस असताना मी वांग्यांवर बुरशीचं औषध मारलं. चौथ्या दिवशी शेंडे आखडले. नवी पानं दोरीसारखी बारीक, पिळलेली. रोगच आहे, अशी माझी खात्री होती. तीसेक झाडं उपटली. माझ्या मोठ्या जाऊबाई बांधावरून पाहत होत्या.

"काहून उपटून राहिली वं? रोग काय ओळी मोजून येते?"

मी उभी राहून पाहिलं. पहिल्या सहा ओळी पार पिळलेल्या, पुढच्या सहा कमी, त्यानंतरच्या चांगल्या. आमच्या पाठीवरच्या पंपात एका भरण्यात सहाच ओळी होतात. म्हणजे दोष पंपात होता आणि दर भरण्याला थोडा थोडा धुऊन निघत होता. मी औषध मारलं त्याच्या आदल्या दिवशी भासऱ्यांनी, म्हणजे जाऊबाईंच्या घरधन्यांनी, त्याच पंपाने गव्हात तणनाशक मारलं होतं. ते गव्हाला काही करत नाही, रुंद पानाला सोडत नाही. पंप ओट्यावर पालथा आणि ओला दिसला, एवढ्यावर मी 'पंप धुतला' यापुढे खूण केली होती.

"एक डाव पाणी फिरोलं ना मी," भासरे म्हणाले. "साबन लावा लागते हे मले कोनं सांगतलं?"

कोणीच नाही. ते सांगायचं काम माझं होतं.

"शेवटच्या ओळीतले वांगे तं मस्त आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "धुऊन देऊ. पंगतीत कोनाले समजते?"

"पंप तं तोच फिरला तिथंबी. आपल्याले समजते ना, बाई."

"मंग घे गावात नाक कापून!"

मी चांगल्या ओळींसकट सगळं उपटलं आणि पंगतीची व्यवस्था पाहणाऱ्या म्हातारबाबांकडे गेले. यंदा वांगी नाहीत म्हटल्यावर त्यांनीच विचारलं, "रोग आला काय, सूनबाई?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. मी पंपाचं सगळं सांगितलं.

"चूक कोनाची? तुह्या भासऱ्याची?"

"माही."

ते म्हणाले, "हे पंगतीत उभी राहून सांग. माह्या घरचा पंपबी तसाच पडून हाये."

भाजी कोहळ्याची झाली. वाढायच्या आधी मी उभी राहिले आणि ती कोहळ्याची का, ते सरळ सांगितलं. कोणी हसलं, कोणी च्यक् च्यक् केलं. मागच्या रांगेतून एकाने वरण वाढणाऱ्या आपल्या बायकोला हाक मारली, "आपला पंप कोनं धुतला होता वं?"

"मले काय इचारता? वावरातून तुमीच तं आनला!"