रोडग्यातली साखर

संग्रामपूरच्या शालिग्रामने चहातली साखर सोडली, तेव्हा आपल्या बाजूने विषय संपवला होता. पीठगिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगे, "गोड बंद म्हंजे बंद. पेढाबी नाई अन् जिलेबीबी नाई." भाकरी मात्र दोन्ही वेळा पोटभर चालत, भातही चाले. रोडग्यांचं जेवण असलं तर विचारायलाच नको. रोडग्यात साखर घालत नाहीत, मग त्याला या भानगडीत ओढायचं कशाला?

तरी रक्तातली साखर हटायला तयार नव्हती. शेवटी डॉक्टर म्हणाले, महिनाभरात उतरली नाही तर इन्शुलिनची सुई. सुईला शालिग्राम भ्याला नाही. पण त्याची बायको वंदना दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाली, "औंदा मारोतीपुढचे रोडगे शेजारचे कारभारी भाजतीन. तुमी घरी बसा."

हे मात्र लागलं. गव्हाच्या भरड पिठाचे मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, हा मारोतीपुढच्या पंगतीचा मान कित्येक वर्षं त्याचा होता. भाजणाऱ्याने पहिला रोडगा फोडायचा, अख्खा खायचा आणि "झाला" म्हणायचं. त्याशिवाय पंगत बसत नसे. खाणं बंद, तर भाजणंही बंद. आणि तो कारभारी! वरून कोळसा नि आतून कणीक, असा रोडगा भाजावा तर त्यानेच.

रक्त तपासणाऱ्या रेणुकाकडे शालिग्रामने जाब मागितला. "पोरी, तुई मशीन खोटी बोलते. मी साखर खातच नाई."

रेणुकाने त्याचा डबा उघडायला लावला, भाकरीचा तुकडा मोडून हातावर ठेवला. "काका, नुसता हा चावा. गियू नका. चावतच राहा."

शालिग्राम चावत राहिला. आधी भाकर भाकरीसारखीच होती. मग त्याचा जबडा मंदावला आणि भुवया वर गेल्या.

"गोड लागून राह्यली! यात साखर कोनं टाकली वो?"

"कोनंच नाई. तुमच्या थुंकीनं काढली. पिठात जो स्टार्च असते नं, तो म्हंजे साखरेच्या दान्यायची ओवलेली माळ. थुंकी ते तोडाले लागते, बाकीची पोटातले आतडे तोडतात. मंग रक्तात गेल्यावर भाकरीची कोनती अन् पेढ्याची कोनती, हे रक्ताले काय समजते?"

शालिग्राम गिरणीवर परतला तो दुसराच माणूस होऊन. आयुष्यभर आपण साखरेच्या माळा दळत होतो आणि पैसे मात्र पिठाचे घेत होतो, हे त्याला फार नवलाचं वाटलं. पुढचे काही दिवस दळणाला आलेल्या बायाबापड्यांना आधी भाकरीचा तुकडा चावावा लागे, मग दळण मिळे.

रेणुकाने आणखी एक सांगितलं होतं. शिजलेला स्टार्च थंड झाला की त्याच्या माळा पुन्हा घट्ट बसतात, त्यातल्या थोड्या आतड्यांना तुटत नाहीत. शालिग्रामने साखर तपासायचं यंत्र विकत आणलं. एक दिवस ताजे रोडगे खाऊन बोट टोचलं, दुसऱ्या दिवशी तेवढेच शिळे खाऊन. शिळ्यांवर साखर जराशी कमी भरली. त्याला इतका आनंद झाला की तिसऱ्या दिवशी त्याने शिळे रोडगे दुप्पट खाल्ले. साखर पार वर गेली.

"टोचूटोचू बोटाची चायनी करून ठेवली," वंदना म्हणाली. "शिळं झालं म्हून त्याचं पानी झालं का?"

मग तो ताळ्यावर आला. जेवायला बसला की आधी वरण आणि वांग्याची भाजी, मागून रोडगा, तोही एकच. जेवल्यावर गिरणीपर्यंत पायी. यंत्रावरचे आकडे हळूहळू माणसात आले. महिन्याच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, सुई सध्या राहू द्या, गोळ्या चालू ठेवा. वंदनाने मात्र अर्धाच निकाल फिरवला. एक आर त्याचा, एक कारभाऱ्याचा. पहिला रोडगा अख्खा खाल्लेला दिसला, तर दोन्ही कारभाऱ्याचे.

पंगतीच्या दिवशी शालिग्रामने आपल्या आरातला रोडगा काढला, राख झटकली, फोडला आणि अगदी मधला एकच घास तोंडात टाकला. तो चावू लागला. सगळे बघत उभे. तो चावतच होता.

"काऊन बे, दात पडले का?" कारभारी म्हणाला. "खाय नं अख्खा. रीत हाय."

शालिग्रामने हाताने थांब म्हटलं. तोंडात हळूच गोडी उतरली, तशी त्याने मान डोलावली. "झाला. आतपर्यंत शिजला. शिजलेला असन तं तोंडात गोड होते. कच्चा लवकर होत नाई. अख्खा खाऊन काय जास्त समजते?"

लोकांना भूक लागलेली होती, त्यामुळे रीत तिथल्या तिथे बदलली. वंदनाने उरलेला रोडगा त्याच्या हातातून काढून परातीत टाकला.

कारभाऱ्यालाही हे करून पाहावंसं वाटलं. त्याने आपल्या आरातला रोडगा फोडला, मधला घास घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ चावला.

"मले तं काईच गोड लागून नाई राह्यलं," तो म्हणाला. "खोटं हाय हे."

दोघातिघांनी त्याच्या आरातले सगळे रोडगे गुपचूप उचलले आणि शालिग्रामच्या आरात पुरले.