बाबिनीच्या पोटातला दोरा

“टोक वढून पाह्य. मी म्हणते म्हणून मानू नको.”

“बाई, तुमच्या हातची बाबीन मी कवा तपासली का आजवर?”

“तरी पाह्य. लग्नाचं काम हाय, मागून बोल नको मला.”

कचरू शिंप्यानं बाबिनीचं टोक चिमटीत धरून झटका दिला. दोरा तारेसारखा ताणला, तुटला न्हाई. झालं का समाधान, अशा नजरेनं त्यानं सगुणाबाईकडं पाह्यलं, बाबीन मशीनखालच्या लोखंडी डबीत बसवली आन् पाय हाणायला लागला. तांबड्या छिटाच्या रजईवर टाक्याची ओळ सरळ धावत निघाली.

सगुणाबाई चरख्याकडं वळली. कचरूनं ओढून पाह्यला तो दोरा चांगलाच होता, पण तसे वरचे वीस-पंचवीस वेढेच होते. त्याखाली, बाबिनीच्या पोटात, तिनं कुजका दोरा भरला होता.

ही रजई दुर्गाबाईच्या लेकीच्या आंदणाची होती. आन् दुर्गाबाई म्हणजे सगुणाबाईच्या मेलेल्या लेकीची सासू.

साल होतं फसली तेराशे सत्तेचाळीस, निजामाच्या राज्यातलं. जुन्या जालन्यात राधेश्याम शेठचं कापडाचं दुकान. पुढं थानं, मधी बारदानाचा पडदा, पडद्यामागं लांबोडक्या खोलीत रजया शिवायच्या मशिनी. खेड्यापाड्यातल्या बाया हातानंच गोधड्या शिवत होत्या, पण चार बैलं दारात असलेल्या घरांना आता मशीनच्या टाक्याची रजई पाहिजे झालती. एवढाली रजई म्हणजे दोऱ्याची राक्षसीण. चार ओळी मारल्या की खालची बाबीन रिकामी. शिंप्यानं दर वेळी उठून बाबीन भरायची म्हटलं तर दिवसात एक रजई उरकायची न्हाई. म्हणून शेठनं निव्वळ बाबिनी भरायला सगुणाबाईला ठेवलं होतं.

मुंबईहून दोऱ्याचे मोठाले कोन यायचे, लहान पोराच्या डोक्याएवढे. कोन डब्यात उभा ठेवायचा, दोरा वर आढ्याच्या कडीतून घ्यायचा आन् खाली चरख्यावर आणायचा. आडवा ठेवला की दोरा पीळ खातो. चरखा तिच्या आईचा सूत काढायचा. त्याची चात, म्हणजे सूत गुंडाळायचा फिरता गज, घासून तिच्यावर बाबीन बसवायची युक्ती सगुणाबाईचीच. उजव्या हातानं चाक, डाव्या हाताच्या दोन बोटांत दोरा. सगळं कसब त्या दोन बोटांत. बोटं ढिली पडली की बाबीन पोकळ होते आन् खालच्या अंगाला टाक्याचे फासे सुटतात. जास्त आवळली की दोरा तुटतो. सगुणाबाईची बाबीन सुपारीसारखी टणक निघायची. पाच वर्षांत दोऱ्यानं तिच्या बोटाला खाच पाडलती, आन् त्या खाचेतून दोरा आपसूक धावायचा.

पाच वर्षं. म्हणजे उषी गेली तवापासून.

नवरा आधीच गेल्ता. घरात ही आन् लेक, दोघीच. जालन्यापासून चार कोसांवर सिंदीच्या वाडीला दुर्गाबाईच्या घरात उषी दिली. देताना दुसरं काही देणं झालं न्हाई, पण गोधडी दिली ती अशी की वाडीच्या बाया बघायला आल्त्या. नऊ पदरी. वरचा पदर सगुणाबाईच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा, एका कोपऱ्याला उषीच्या पहिल्या परकराचा पिवळा तुकडा. दोन पावसाळे ती गोधडी शिवत होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण कापूस वेचणीला आल्ता आन् दुर्गाबाईनं सून सोडली न्हाई. पौषात उषी तिथंच बाळंत झाली. आता बाळंतिणीला जे अंथरूण-पांघरूण लागलं, ते दहाव्या दिवशी सुइणीला द्यावं लागतं, हीही रीतच. नऊ पदरी गोधडी सुइणीच्या घरी जाणार, हे दुर्गाबाईच्या जिवाला सोसवलं न्हाई. तिनं ती पोरीच्या अंगावरून काढून घेतली आन् बारदान टाकलं. पौषाची थंडी, गोठ्याजवळची पडवी. पाचव्या दिवशी उषी गेली. लेकरू त्याच्या दुसऱ्या दिवशी.

सगुणाबाईनं तवा गोधडी मागितली. दुर्गाबाई म्हणली, ती सुइणीनं नेली. पुढं महिन्यानं जालन्याच्या बाजारात सुईण भेटली. मला बाई एक बारदान भेटलं, ती म्हणली, ते बी फाटकं. बाकी सगळं तिनंच सांगितलं.

सगुणाबाई रडायची ते रडली, मंग जुन्या जालन्यात येऊन चरख्यावर बसली. वाडीकडं पुन्हा गेली न्हाई. कुणापाशी बोलली न्हाई. पण मागच्या श्रावणात शेठच्या गोदामात पाणी गळून सहा कोन भिजले, दोरा कुजला, शेठ म्हणला चुलीत घाला, तवा तिनं पाच चुलीत घातले आन् एक बारदानाच्या थैलीत घालून आपल्या बैठकीखाली सरकवला. कशासाठी, हे तिनं तवा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी दुर्गाबाई बैलांच्या दमणीत बसून दुकानावर आली. पडद्याला भोक होतं. त्यातून सगुणाबाईनं आधी दमणी पाह्यली. रस्त्याचे हिसके लागू नयेत म्हणून आत हिरवी गोधडी अंथरली होती, आन् तिचा पिवळा कोपरा चाकावर लोंबत होता, चिखलानं भरलेला.

दुर्गाबाईनं आठ रजया सांगितल्या. छीट निवडली, खण निवडले, आन् शेठला बजावलं.

“टाका बारीक पाह्यजे. जाफराबादची व्याहीण लई चिकित्सक हाय. मांडवात चार बाया चार कोपऱ्याला धरून रजई झाडून पाहणार, मंगच घेणार. आन् कापूस बराबर भरा, शेठ. माझ्या लेकीला ऊब कमी पडाया नको.”

ते शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर काय झालं असतं, सांगता येत न्हाई. बोलली. पडद्यामागं चाक थांबलं, आन् जरा वेळानं पुन्हा चालू झालं.

कुजका दोरा तसाच भरला असता तर मशीनमध्ये तटातट तुटला असता. म्हणून सगुणाबाईनं तो मेणाच्या खड्यावरून ओढून घेतला आन् बोटं हलकी ठेवली. मशीनच्या ओढीला टिकावा, बाईच्या झटक्याला टिकू नये, इतकाच. वर चांगल्या दोऱ्याचे वेढे. साठ बाबिनी तिनं अशा भरल्या. दोन-चारदा दोरा तुटलाच. कचरूनं मशीनला शिव्या दिल्या, तेल घातलं, पुढं चालला. उद्या बोल त्याला लागणार, हे सगुणाबाईच्या ध्यानात आलं न्हाई असं न्हाई. आलं. ज्या पोरीच्या रजया, तिचा काय गुन्हा, हेही आलं. तिनं दोन्ही गोष्टी बाजूला सारल्या आन् पुढची बाबीन चातीवर बसवली.

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी दमणी पुन्हा दुकानापुढं उभी राह्यली. दुर्गाबाई पुढं शेठवर आग पाखडत होती, आन् तिचा गाडीवान रामकिसन रजयांची गाठोडी मागच्या खोलीत आणून टाकत होता. टाकता टाकता त्याला सांगितल्याशिवाय राहवेना. मांडवात चार बायांनी पहिली रजई धरली. एक झटका, दोन झटके, तिसऱ्याला ओळी उसवत गेल्या, कापूस सगळा मधी धावला आन् रजईला गाभण म्हशीचं पोट आलं. दुसरीची तीच गत, तिसरीची तीच. सगळा मांडव हसून राह्यला. मंग व्याहिणीनं हात वर केला.

“काय म्हणली व्याहीण?” सगुणाबाईनं विचारलं.

“म्हणली, राहू द्या आता. पाचव्या दिशी पाचपरतावणाला लेक न्यायला याल, तवा धड करून आणा. तवर तुमची लेक बारदानावर निजंल, आमच्या घरी बारदानं लई हायेत.”

सगुणाबाईनं चाक थांबवलं. “पुन्हा सांग.”

रामकिसननं पुन्हा सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, एखादी बाई आरती ऐकते तसं.

शेठनं कचरूला पुढं बोलावलं. उसवलेली रजई हातात घेऊन कचरू उभा राह्यला, खालच्या अंगाचा दोरा त्यानं चिमटीत चुरगाळला, त्याचा भुगा झाला. त्याला सगळं कळलं. त्यानं पडद्याकडं पाह्यलं, पण तोंड उघडलं न्हाई. शेठ म्हणत होता की उद्यापासून दुकानाची पायरी चढू नको, आन् कचरू खाली मान घालून ऐकत होता.

पडदा सारून सगुणाबाई बाहेर आली. एका हातात कोन, दुसऱ्या हातात रिकामी थैली.

“त्याला बोल लावू नका, शेठ. त्यानं टोक वढून पाह्यलं व्हतं, म्याच वढाया लावलं. पोटातला दोरा ह्या कोनाचा हाय. तुम्ही चुलीत घाला म्हणले व्हते त्यातला.”

दुर्गाबाईला ओळख पटायला वेळ लागला. पटली तशी ती दोन पावलं मागं सरली आन् मंग ओरडली, की हिनं जाणून केलं, हाकला हिला. शेठनंही तेच फर्मावलं.

“जाते,” सगुणाबाई म्हणली. “परवा पाचपरतावण हाय. आठ रजया उसवून पुन्हा शिवायच्या. उद्या सांजपस्तोर साठ बाबिनी कोण भरणार, तेवढं पाह्यून ठेवा.”

शेठनं कचरूकडं पाह्यलं. कचरू म्हणला, मी भरत बसलो तर आठ दिवस. खोटं नव्हतं ते. दुकानात आलेली गिऱ्हाइकं थानं खाली ठेवून ऐकायला लागलती. शेठ धंद्याचा माणूस. राग गिळून त्यानं सगुणाबाईला विचारलं, “तुला पाहिजे काय?”

ती दुर्गाबाईकडं वळली.

“दमणीत काय हातरलंय, दुर्गाबाई?”

“गोधडी.”

“कोणाची?”

दुर्गाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“सुइणीनं नेली म्हणल्या व्हत्या तुम्ही.”

“माझी पोरगी तिकडं बारदानावर निजून राह्यली, बाई,” दुर्गाबाईचा आवाज उतरला. “मला आधी ह्या रजया करून दे.”

“निजू द्या. तुमची परवा उठंल. माझी पाचव्या दिशी उचलावी लागली.” सगुणाबाईनं आवाज चढवला न्हाई. “गोधडी कोणाची, ते ह्या माणसात सांगा.”

“उषीची.”

“तिच्या अंगावरनं कवा काढली?”

“बाळंत झाली त्या दिशी.”

“कामून?”

दुर्गाबाईनं रामकिसनकडं पाह्यलं. तो बैलांच्या गळ्यातली घाटी पुसत होता.

“नऊ पदरी व्हती. सुइणीच्या घरी गेली असती.”

“आन् पोरीला काय दिलं?”

“बारदान.”

एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं तोंडातलं पान थुकून टाकलं.

गोधडी रामकिसन काढायला गेला, तर सगुणाबाईनं त्याला अडवलं. दुर्गाबाईलाच दमणीतून काढायला लावली, गवत झाडायला लावलं, घडी घालायला लावली. पिवळा कोपरा वर आला पाहिजे अशी. घडी एकदा चुकली. पुन्हा घालायला लावली. मंग ती काखेत घेतली आन् कुजक्या कोनाची बारदानाची रिकामी थैली दुर्गाबाईपुढं धरली.

“हे घ्या. बुडाखाली घ्या. चार कोस जायाचंय.”

दुर्गाबाईनं थैली घेतली न्हाई. दमणीच्या उघड्या फळीवर बसली आन् गेली. चाकं गल्लीतून खडखडत लांब गेली, तवर सगुणाबाई उंबऱ्यात उभी होती.

शेठ म्हणला, कचरू राहील, पण हे काम उरकलं की तू मला हितं दिसू नको. ती बरं म्हणली.

खोलीत येऊन तिनं गोधडी बैठकीच्या जागी ठेवली. बैलांचा वास येत होता, एका अंगाचे वरचे पदर झिजून आतले दिसत होते. तिचा स्वतःचा टाका मात्र कुठंच सुटला नव्हता. तिनं तिच्यावरून हात फिरवला न्हाई, की डोळ्याला पदर लावला न्हाई. नवा कोन डब्यात उभा केला, दोरा कडीतून घेतला, बोटाच्या खाचेत बसवला आन् एक बाबीन भरून कचरूपुढं धरली. सुपारीसारखी टणक.

कचरूनं टोक ओढून पाह्यलं. तेवढ्यावर थांबला न्हाई. बाबीन हातात फिरवत तो दोरा ओढतच राह्यला, सगळा, पार पोटापर्यंत. चांगल्या दोऱ्याचा ढीग जमिनीवर पडला. मंग त्यानं रिकामी बाबीन तिच्या हातात परत दिली.

“मला तरी सांगायचं व्हतं,” तो म्हणला.

“सांगितलं असतं तर तू शिवलं नसतं.”

तो मशीनकडं गेला आन् पहिल्या रजईच्या ओळी उसवायला बसला. सगुणाबाईनं तीच बाबीन पुन्हा चातीवर चढवली. आता साठच्या साठ तो अशाच उलगडून पाहणार, हे तिला दिसत होतं. तिनं चाकाला हात घातला.